हरणाऱ्यानं घरी जावं

सिराक्युज, द्राक्षं तुडवण्याचे दिवस

मेहुणेबुवा गोर्गोस यांस तुझ्या दाजीचा, लीसोनचा नमस्कार.

हे मी बोलतोय आणि अर्तेमिसच्या देवळातला लेखनिक सोसीस लिहितोय. तेव्हा अक्षर वळणदार दिसलं तर दाजी शिकला असं समजू नकोस. बाजारगावच्या मास्तरांना विनंती की त्यांनी हे गोर्गोसला एकट्याला गाठून वाचून दाखवावं, घरातल्या कुणाच्या देखत नको. लपवण्यासारखं तसं काही नाही.

तू माझं नाव काढत नाहीस हे कोळसेवाल्याकडून कळलं. मागच्या खेपेला त्यानं माझा निरोप सांगितला तर तू म्हणे शेळीच्या कासेवरून नजर वर केली नाहीस. ठीक आहे. शेळीची कास माझ्या तोंडापेक्षा बघण्यासारखी आहे, हे मलाही मान्य.

तीन उत्सव झाले, इथे माझं उत्तम चाललंय. देवीच्या उत्सवात गाणं जिंकणाऱ्याला हे शहर कसं ठेवतं ते तुला कुठून माहीत असणार? पहिल्या उत्सवात तू हरलास, रीतीप्रमाणे तुझा पाव माझ्या हातात ठेवलास आणि बाकीच्या हरलेल्यांबरोबर गावोगाव दाणे मागत घरी गेलास. मी जिंकलो, म्हणून राहिलो. (टोमणा आहे, लगेच फुगू नकोस.) सकाळी पांढरा पाव, संध्याकाळी मासा, वाटेल तेव्हा गरम पाण्याची न्हाणी. काम एवढंच की डोक्याला हरणाची शिंगं बांधायची, बोकडाचं कातडं पांघरायचं आणि मोठ्या लोकांच्या ओसरीवर जाऊन डोंगराची गाणी म्हणायची. त्या ओसरीवर बसलेल्या एकानंही कधी शेळी पिळलेली नाही, पण माना काय डोलावतात!

माझ्या मनात एक आलं. येत्या वसंतातल्या उत्सवाला तू पुन्हा का उतरत नाहीस? डोंगरावर मला हरवणारा तूच एक होतास. तुझं लग्न नाही, मागे कुणी रडणारं नाही. चार दिवस सुख भोगशील. बघ, विचार कर.

तुझी ताई मिक्का बरी आहे ना? माझी पोरगी? सहज विचारतो.

सिराक्युज, ऑलिव्ह झोडणीचे दिवस

गोर्गोस,

तुझं उत्तर पोचलं. कोळसेवाला मोठा नकलाकार आहे, तुझं बोलणं तुझ्याच आवाजात, नाक वर ओढण्यासकट करून दाखवलंन. "दाजींना सांगा, पाव मऊ लागतोय तर खात बसा. पोरगी विचारते बाप कोण, मी तिला बोकड दाखवतो."

सोसीस इतका हसला की त्याच्या हातून लेखणी पडली. मी नाही हसलो. माझ्या पोरीला बोकड दाखवतोस? तुझ्या तोंडात...

इथे सोसीसनं लिहायला नकार दिला. देवळाच्या शाईनं असलं लिहीत नाही म्हणतो. तू समजून घे. माझी शिवी तुला पाठ आहे.

बरं, तुला वाटतं मी इथे मऊ पावासाठी राहिलोय. मिक्कालाही तेच वाटतं का? तर ऐक. पहिल्या उत्सवानंतर आठवडाभरात मी घरी निघालो होतो. गाठोडं बांधलं, शिंगं उतरवून ठेवली, वेशीपाशी गेलो. पहारेकरी ओळखीचे, रात्री माझंच गाणं ऐकलेले. एकानं हसत भाला आडवा धरला. "गायकबुवा, चुकलात काय? बाजार मागे आहे."

मी म्हटलं, "घरी चाललोय."

"घरी हरलेला जातो," तो म्हणाला. "तुम्ही जिंकलात."

ही रीत आपल्याला लहानपणापासून माहीत, पण आतल्या बाजूनं ती कशी दिसते हे आपल्या बापजाद्यांनी कधी सांगितलं नाही. साठेक वर्षांमागे या शहरात भाऊबंदकी माजली होती, गल्लीगल्लीत मुडदे पडत होते, देवीनं ते थांबवलं आणि आपले लोक आनंदानं गात डोंगरावरून खाली आले. गाणारा वेशीच्या आत आहे तोवर पुन्हा रक्त सांडणार नाही, असं इथली माणसं धरून चालतात. पूर्वी दर वर्षी नवा गाणारा जिंकायचा, जुना सुटायचा. आता आपल्याकडची तरणी पोरं परक्या राजांकडे भाला धरायला जातात. गाण्याला उरलेत दोन म्हातारे आणि एक तोतरा. मग मीच जिंकतो. मीच राहतो.

माझ्याशी सगळे प्रेमानं वागतात, हेच वाईट आहे. कुणी मारलं असतं तर मीही मारलं असतं. परवा वेशीपाशी उगाच उभा होतो तर म्हाताऱ्या भाजीवालीनं हातात अंजीर ठेवलं आणि म्हणाली, "बाळा, जाऊ नकोस हं. माझे दोन भाऊ त्या दंग्यात गेले." मी अंजीर खाल्लं आणि मागे फिरलो.

मास्तर, मिक्का जवळपास असेल तर शेवटचा भाग वाचू नका. नाहीतर वाचा. मला ठरवता येत नाही.

सिराक्युज, हिवाळ्यातला पाऊस, गलबतं किनाऱ्याला ओढलेली

गोर्गोस,

"मग हरायचं की," असा तुझा निरोप आला. वा रे शहाण्या. मला सुचलंच नव्हतं!

दुसऱ्या उत्सवाला मी हरायचंच म्हणून उभा राहिलो. म्हटलं, झरा नको, सावली नको, यांना किळस येईल असं काहीतरी गाऊ. गोचीड गायलो. खुरात सडलेला चिखल, बोकडाचा वास, मेलेलं करडू कोल्ह्यानं ओढून नेलेलं, सगळं गायलो. तुझी बहीण शेण भरताना काय काय म्हणते तेही गायलो. समोरच्या बाया रेशमी पदराआड तोंड लपवून हसायला लागल्या. मला वाटलं, सुटलो. संपल्यावर लोक उभे राहून ओरडायला लागले. पुजारीबुवा म्हणाले, असं अस्सल गाणं गेल्या पन्नास वर्षांत झालं नाही. त्यानंतर महिनाभर प्रत्येक ओसरीवर एकच फर्माईश: "ते गोचिडाचं होऊ दे."

तिसऱ्या उत्सवाला मी गप्पच बसलो. तोतऱ्यानं ओळी टाकल्या, माझी पाळी आली, मी जमिनीकडे बघत राहिलो. हरण्याची याहून सोपी युक्ती नाही, असं तूही म्हणशील. पुजाऱ्यानं काय निवाडा दिला माहीत आहे? देवीनं त्याचा कंठ क्षणभर मागून घेतला, सामना झालाच नाही, जुनाच विजेता कायम. तोतरा बिचारा शिंगं काढून रडत बसला. खोटं हरणं इथे चालत नाही, गोर्गोस. मला खरंच कुणीतरी हरवायला हवं, लोकांच्या कानांदेखत.

आणखी एक गंमत. हा सोसीस, जो हे लिहितोय आणि आत्ता मान खाली घालून बसलाय, तो माझी गाणी चोरून उतरवायचा. उन्हाळ्यात त्यानं ती इजिप्तला, राजाच्या नगरीत, आपल्या चुलतभावाकडे धाडली. तिथे म्हणे विद्वान मंडळी ती डोक्यावर घेऊन नाचतायत. ज्यांना शेळी आणि मेंढी यांतला फरक विचारावा लागेल असे लोक एकमेकांना गुराख्यांची नावं ठेवून, झाडाखाली उशा मांडून, ओळींना ओळी देत बसतात. तिकडून मागणीही आली: आणखी पाठवा, पण गोचीड कमी करा, पाखरं वाढवा, आणि दुपार असू द्या. दुपार! दुपारी आपण काय करतो रे? सावलीला पडून माश्या हाकलतो.

मी सोसीसला खूप बोललो. मग खरं सांगायचं तर, दिलीसुद्धा त्यांना पाखरं. दुपारही दिली. इथे कोंडून बसलेल्या माणसाला डोंगर हळूहळू तसाच आठवायला लागतो. परवा मी 'मधासारखी हवा' असं काहीतरी गायलो आणि मलाच लाज वाटली. आपल्या डोंगरावरची हवा कशी होती ते मला आता नीट सांगता येत नाही. तू सांगशील का? कोळसेवाल्याजवळ दोन शब्द दे. सुशोभित नको, जसं असेल तसं.

सिराक्युज, बदाम फुलल्यावर

गोर्गोस,

मिक्काला मधमाश्यांवाल्याला द्यायचं ठरलं, हे मला कोळसेवाल्यानं सांगावं? तू का नाही सांगितलंस? तुझ्या बापाला लेक परत नेण्याचा हक्क आहे, मला माहीत आहे, नवरा घरात नसेल तर बाप काहीही करू शकतो. पण मी रणात मेलेलो नाही, दुसरी बायको केलेली नाही. मी दोन दिवसांच्या वाटेवर बसून ओरडतोय.

कोळसेवाला म्हणतो, सासरेबुवांचं बोलणं असं: "हा उत्सव होऊ दे. हरून आला तर त्याची बायको, त्याची पोर. जिंकला तर पोळेवाल्याची." आणि मिक्का? तर ती कणीक मळत होती.

तो मधमाश्यांवाला चांगला माणूस आहे, हेच मला खुपतंय. दारुडा असता, मारकुटा असता तर मी वेस फोडून आलो असतो. त्याची बायको गेली तेव्हा त्यानं प्रत्येक पोळ्याजवळ जाऊन माश्यांना 'मालकीण गेली' असं सांगितलं होतं, आठवतं? आपण दोघं खूप हसलो होतो.

माझी पोर त्याला बाबा म्हणेल. पटकन म्हणेल. मध देतो म्हटल्यावर कोण म्हणणार नाही?

सिराक्युज, उत्सव तोंडावर आलेला

गोर्गोस, बाळा,

तू येतोस हा निरोप पोचला. कोळसेवाल्यानं या वेळी तुझी नक्कल केली नाही, साधंच सांगितलं: "दाजींना म्हणावं, ताईसाठी येतोय. तुमच्यासाठी नाही."

चालेल. कुणासाठीही ये.

पहिल्या पत्रात मी तुला सुखाचं आमिष दाखवलं होतं. तू तेव्हाच ओळखलं असशील. आता सरळ सांगतो, म्हणजे उद्या मला फसवलं म्हणायला नको: तू जिंकलास की भाला तुझ्यासमोर आडवा होईल. कधी सुटशील ते सांगता येत नाही, तुला हरवणारा आपल्या डोंगरात कुणी उरलेला नाही. अंजीर मिळेल, न्हाणी मिळेल, आणि एके दिवशी डोंगराची हवा कशी होती ते आठवायचं बंद होईल. नको वाटलं तर अर्ध्या वाटेवरून परत जा. मी रागावणार नाही. रागावेन, पण तुझ्यापर्यंत पोचणार नाही.

आलास तर एक लक्षात ठेव. मी मुद्दाम हरलो असं वाटता कामा नये. तू सुरुवात करायची, चार ओळी, मी त्याच चालीवर त्याच विषयाला चार ओळींनी उत्तर द्यायचं. लांडगा टाकशील तर मी उत्तर देईन. नदी, मोहोळ, हिमवर्षाव, रुसलेली बायको, काहीही टाक, माझं तोंड आपोआप चालतं, ते माझ्या हातात राहिलेलं नाही. तू असं काहीतरी आण की माझा गळाच दाटला पाहिजे. खरोखर दाटला पाहिजे. मला बोलताच येणार नाही असं आण. ते काय असेल ते मी सांगू शकत नाही, सांगितलं तर मी तयारी करीन. तू मला ओळखतोस. कुठे दुखतं ते तुला ठाऊक आहे. तिथेच मार.

गाठोडं मी बांधून ठेवलंय. त्यात पोरीसाठी मातीचा बोकड आहे. हो, बोकडच. तुझी चेष्टा मी विसरलेलो नाही.

मिक्काला सांग, चूल पेटती ठेव.

सिराक्युज, उत्सव आटोपल्यावर

गोर्गोस,

तू आता कुठल्या गावात असशील? हरलेल्यांचा तांडा हळू चालतो, प्रत्येक दारात शिंगं हलवून दाणे मागायचे, देवीचा आशीर्वाद द्यायचा. हे पत्र तुझ्याआधी घरी पोचेल असं दिसतं. मास्तर, तो येईपर्यंत उघडू नका. आला की मिक्कालाही बोलवा. या वेळी सगळं वाचा, काही गाळू नका.

तू जाताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाव हातात दिलास आणि वळलास. मला माहीत आहे तुला काय वाटलं. दाजीला टाळ्याच हव्या होत्या, शेवटी पांढरा पावच जिंकला. सगळ्या डोंगराला हेच वाटणार. वाटू दे. पण तुला तरी मी काय झालं ते सांगतो.

तुझ्या पहिल्या दोन फेऱ्यांत मी जाणूनबुजून मागे राहिलो नाही, तूच पुढे होतास. लांडग्याच्या फेरीत लोक तुझ्या बाजूला झुकले होते. मला आनंद झाला, आणि थोडा जळफळाटही झाला, दोन्ही एकदम. मग तू डोक्यावरची शिंगं सावरलीस, नाक वर ओढलंस आणि तिसरी फेरी टाकलीस:

वाटेवर उभी पोर, येत्या-जात्याला विचारी,
माझ्या बाबाचा आवाज कसा होता सांगा तरी.
कुणी म्हणे झऱ्यावाणी, कुणी म्हणे पाव्यावाणी,
एक हाक मार बाबा, मीच ओळखीन कानी.

मी सांगितलं होतं तिथेच मारलंस. शाबास. माझा गळा दाटला, खरोखर दाटला. पुजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मला आवाजच नव्हता. त्यानं काठी उचलायला हात पुढे केला. ती काठी तुझ्यापुढे टेकली असती की संपलं होतं. मी उभा राहिलो असतो तसाच, आणि संध्याकाळी वेशीच्या बाहेर असतो.

पण ती पोर विचारत होती रे.

तू रचलंस हे मला कळत होतं. ती तिथे नव्हती, हेही कळत होतं. तरी माझ्या पोरीनं मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विचारलं, आणि चार हजार माणसांसमोर तिचा बाप गप्प उभा राहतोय, असं मला दिसलं. मी गप्प राहिलो असतो तर घरी आलो असतो. हे गणित मला त्या क्षणीही येत होतं. आणि तोंड उघडलं.

मी टाळ्यांसाठी गायलो नाही. ऐकणाऱ्यांना हे पटणार नाही, कारण टाळ्या फार पडल्या. भाजीवाली तर जमिनीवर बसून रडली. तिला वाटलं शहर वाचलं.

तुझा पाव मी खाल्ला. जिंकणाऱ्यानं खायचा असतो. तो मिक्कानं केलेला होता, बडीशेपेवरून कळलं. वर कणकेच्या शेळ्या होत्या, त्यातल्या एकीचा कान तिनं दुमडला होता, आपल्या कानमोडी शेळीसारखा. तेवढा कान ठेवलाय. दगड झालाय त्याचा.

मिक्का, आता तुझ्याशी बोलतो. पोळेवाल्याकडे जा. रडत जाऊ नकोस, मला शिव्या देत जा, तुला त्या शोभतात. तो तुला नीट ठेवील. मला हे आवडलेलं नाही, मी देवमाणूस नाही, रात्री त्याच्या सगळ्या माश्या मराव्यात असं मनात येतं. पण तू जा.

गोर्गोस, आता तुझं काम. मी दिलेलं उत्तर तू ऐकलंस. त्यात झरा नव्हता, पाखरू नव्हतं, दुपार नव्हती. होतं ते फक्त तिच्या कामाचं होतं. सोसीस नेहमीप्रमाणे लेखणी घेऊन बसला होता. मी गातागाता जाऊन त्याचा हात धरला. त्यानं पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. म्हातारा तसा वाईट नाही, आत्ता हे लिहितानाही डोळे पुसतोय आणि शाई पसरवतोय. तेव्हा त्या चार ओळी इजिप्तला जाणार नाहीत. या पत्रातही नाहीत, कारण पत्र सोसीसच लिहितोय. त्या आता तुझ्यापाशी आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत.

घरी पोचलास की शिंगं काढायच्या आधी पोरीला वाटेवर ने, जिथे ती उभी राहते तिथे. आणि तिला म्हणून दाखव. माझ्या आवाजात म्हण. आपण लहानपणी एकमेकांची नक्कल करायचो, तुला येतो माझा आवाज, थोडा नाकातला आणि शेवटी चढणारा. एकदाच म्हण. आणि गोर्गोस, तुला सुधारायची सवय आहे, माझ्या तिसऱ्या ओळीत एक शब्द जास्त पडलाय, तो काढू नकोस.

ती काय म्हणाली, ते कोळसेवाल्याजवळ सांगून धाड. त्याला म्हणावं, तिची नक्कल नीट कर.